दोन्हीकडच्या शिव्या

मी फौजेत होतो हे कळलं की लोकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, किती जणांना उडवलंत? एकालाही नाही, असं सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो. पंगतीत बसल्यावर जिलबी संपली असं ऐकून पडावा तसा. मग मी त्यांची समजूत काढायला सांगतो की पुढे मी शांतिसेनेत होतो, आणि त्याहीपुढे दिल्लीत त्याच विषयातला तज्ज्ञ म्हणून बरीच वर्षं मिरवलो. त्यावर ते "अच्छा, अच्छा" म्हणतात आणि शेजारच्या माणसाशी बोलायला लागतात.

दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादक कुलकर्णीबाई मात्र इतक्या सहज सुटणाऱ्या नाहीत. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधून त्या फोन करतात आणि ऑफिसातल्या अडलेल्या फायलीचा करावा तसा लेखाचा पाठपुरावा करतात. काहीतरी थरारक लिहा म्हणाल्या, बिल्कुल संकोच करू नका. आता आली का पंचाईत. ज्या धंद्यात दिवसभर काही घडलं नाही तर तो दिवस सोन्याचा, त्या धंद्यातला थरार आणायचा कुठून? आमचा रोजचा अहवाल एका ओळीत संपावा अशी वरिष्ठांची इच्छा असे, आणि ती ओळ म्हणजे ‘परिस्थिती शांत’. ज्यांना थरार हवा त्यांनी संध्याकाळी टीव्हीवरच्या चर्चा बघाव्यात. मी माझ्या धंद्यातली एक विहीर सांगणार आहे.

आधी धंदा समजून घ्या. कुठल्यातरी देशात दोन टोळ्या लढून लढून दमतात. थांबायचं दोघांनाही असतं, पण आधी कोण थांबणार यावर गाडी अडते. मग जगातले मोठे देश एकत्र बसून, उत्तम जेवण करून असं ठरवतात की या दोघांच्या मध्ये कुणीतरी उभं राहिलं पाहिजे. ते ‘कुणीतरी’ शोधायची वेळ आली की सगळ्यांना आपल्यासारख्या देशांची आठवण होते. निरीक्षक म्हणून जो अधिकारी जातो त्याच्याजवळ हत्यार नसतं. त्याला मिळते एक निळी टोपी आणि एक पांढरी जीप. जीपचे दिवे भर दुपारीसुद्धा चालू ठेवायचे, म्हणजे गोळी घालणाऱ्याला आपण कोण ते नीट दिसावं. वीस वर्षं मला लपायचं कसं ते शिकवलं, आणि मग एका विमानात बसवून सांगितलं, आता ठळक दिसा.

बाकीचं काम चहा पिण्याचं. हे मी थट्टेनं सांगत नाही. या सरदाराकडे चहा घ्यायचा, त्याचं गाऱ्हाणं ऐकायचं, मग मधली हद्द ओलांडून त्या सरदाराकडे चहा घ्यायचा आणि त्याचं ऐकायचं. आज याच्याकडे आधी गेलं तर उद्या त्याच्याकडे आधी. माझ्या वाट्याला आलेल्या दोघांतला एक स्वतःच स्वतःला जनरल म्हणवायचा आणि त्याच्या खांद्यावरच्या पट्ट्या एखाद्या बँडवाल्याच्या असाव्यात अशी मला शेवटपर्यंत शंका होती. दुसरा लढाईआधी शाळामास्तर होता. तो माझ्या बोलण्यातल्या चुका काढायचा आणि मगच धमकी द्यायचा. दोघंही मला भेटल्याबरोबर एकच विचारत, त्याच्याकडे बिस्किटं किती दिलीत?

आमचा वरिष्ठ घानाचा एक संथ, जाडजूड कर्नल होता. त्यानं मला पहिल्याच दिवशी धंद्यातलं एकमेव शहाणपण सांगितलं. दोन्ही बाजू तुला सारख्याच शिव्या देत असतील तर तू बरोबर मध्ये उभा आहेस. एकच देत असेल तर तू सरकला आहेस. आणि दोन्ही बाजू तुझी स्तुती करायला लागल्या, तर चहा तसाच टाकून धाव, आणि मध्ये कोण मेलं ते बघ.

शिव्यांचं मला कळलं. स्तुतीचं मी विनोद म्हणून सोडून दिलं. कारण शिव्या मला भरपूर आणि अगदी समसमान मिळत होत्या. जनरल मला मास्तरचा हेर म्हणायचा, मास्तर मला जनरलचा हुजऱ्या म्हणायचा, आणि मी दोघांचं ऐकून समाधानानं झोपायचो. मग एके दिवशी दोघांनी मिळून बोकड कापला आणि मला बोलावलं. दोघांनी मिठ्या मारल्या. माझ्यासारखा माणूस जन्मात पाहिला नाही म्हणाले. मुख्यालयानं अभिनंदन कळवलं आणि पुढे मला पदकही मिळालं. ते आमच्या दिवाणखान्यात आहे, सुधानं, म्हणजे माझ्या पत्नीनं, काचेत बसवून लावलंय.

दोन्हीकडच्या मध्ये नदीकाठी कोळ्यांची एक वस्ती होती. ती कुणाचीच नव्हती, म्हणून दोघांनाही हवी होती. बोकडाच्या मेजवानीनंतर पुढच्या फेरीला मी तिथं गेलो तेव्हा वस्ती रिकामी होती. चुली होत्या, वाळत टाकलेली जाळी होती, माणूस नव्हतं. जनरल आणि मास्तर यांनी नदीकाठ अर्धा अर्धा वाटून घेतला होता, आणि वाटणीत माणसं अडचणीची म्हणून त्यांना हाकलून दिलं होतं. एकही गोळी सुटली नाही. म्हणजे तहाचा भंग झाला नाही. त्या दिवशीच्या अहवालात मी वस्तीचं सगळं लिहिलं. वर पोचेपर्यंत त्याची एक ओळ उरली, परिस्थिती शांत.

मला आजही त्या वाळत टाकलेल्या जाळ्यांचं वाईट वाटतं. जाळी न घेता कोळी जात नाही.

त्यानंतर मी दिल्लीला परत आलो आणि थोड्याच काळात सेवेतून मोकळा झालो. देश तेव्हा नुकताच उघडला होता. परदेशी थंडपेयं आली, परदेशी वाहिन्या आल्या, आणि त्यांच्याबरोबर परदेशी परिसंवाद आले. पंचतारांकित हॉटेलांत ‘शांतता’ या विषयावर महिन्याला एक तरी दोन दिवसांचा कार्यक्रम व्हायला लागला. माझा जन्म करोल बागेतला. वडील हिंदूरावच्या दवाखान्यात डॉक्टर होते आणि घरापासून दवाखान्यापर्यंत बसनं जात. आमच्या घरात पंचतारांकित हॉटेल हे बाहेरून बघायचं ठिकाण होतं. आता मला तिथं न्यायला गाडी यायची, छातीवर नावाचा बिल्ला लावायचे आणि बिल्ल्यावर ‘तज्ज्ञ’ लिहिलेलं असायचं.

सगळ्यांना माझ्याकडून नदीकाठचा तह ऐकायचा असे, कारण तो यशस्वी होता. मी पडद्यावर नकाशा दाखवायचो. जनरल, मास्तर, चहा, बिस्किटं, हशा. मग मी म्हणायचो, आता त्या वस्तीचं काय झालं ते सांगतो. नेमकं तेव्हाच अध्यक्षांचं घड्याळाकडे लक्ष जाई. "कर्नल साहब, ये लंच के बाद," असं हसून सांगत. लंचनंतर दुसरा वक्ता असे. इतक्या वर्षांत ती वस्ती एकदाही लंचच्या अलीकडे येऊ शकली नाही.

याच काळात आम्ही गुडगावात राहायला गेलो. निवृत्त फौजी अधिकाऱ्यांनी मिळून काढलेली सोसायटी होती. शेतं होती तिथं मनोरे उभे राहत होते, रस्ते पुढच्या वर्षी येणार होते आणि वीज अधूनमधून पाहुण्यासारखी येत होती. सुधा बाल्कनीत उभी राहून म्हणाली, मी सरकारी क्वार्टरमध्ये वाढले, तिथं निदान भाजीवाला तरी यायचा. सोसायटीचे अध्यक्ष होते ब्रिगेडियर भल्ला, अर्थात निवृत्त. आमच्यात माणूस निवृत्त होतो, हुद्दा होत नाही. भल्लासाहेबांनी सोसायटीला बारा फुटी भिंत घातली, भिंतीवर काचा लावल्या, फाटकावर गार्ड ठेवले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की भिंतीच्या आत एक विहीर आली आहे.

विहीर गावाची होती. जमीन सोसायटीनं विकत घेतली तेव्हा सातबीर नावाच्या गावातल्याच प्रॉपर्टी डीलरनं शेताबरोबर तीही विकून टाकली होती. त्या भागात एक रीत आहे. घरात मूल झालं की काही दिवसांनी बाळंतीण नटूनथटून, डोक्यावर घडा घेऊन, बायकांबरोबर गाणी म्हणत विहिरीवर जाते. विहिरीची पूजा करते, पाणी काढते आणि भरला घडा घेऊन घरी परतते. त्याला कुआँ पूजन म्हणतात. त्याशिवाय बाळंतीण घरकामाला मोकळी होत नाही आणि पोर गावचं होत नाही. आपल्याकडे बारसं न करता पोराला नुसतं ‘ए’ म्हणून हाक मारल्यासारखं ते. बांधकाम चालू होतं तोवर बायका विटांच्या ढिगाऱ्यातून वाट काढत येत होत्या. भिंत पुरी झाली आणि फाटकावरून पहिली परत पाठवली गेली ती भरपाई.

भरपाई हे नाव, गावातल्या एका म्हातारीचं. उंच, वाळलेली, घुंगट घ्यायच्या वयाच्या पलीकडे गेलेली. तिच्या नातसुनेला मुलगा झाला होता. मी फाटकातून बाहेर पडत होतो आणि ती गार्डशी बोलत होती. मला बघून तिनं त्याला सोडलं आणि मला धरलं.

"बेटा, कुआँ थारी भींत म्हं आ ग्या," ती म्हणाली. "बहू नै कित ले ज्याऊँ?"

विहीर तुमच्या भिंतीत आली, सुनेला आता कुठं नेऊ? तज्ज्ञाकडे उत्तर नसतं, त्याच्याकडे पद्धत असते. मी म्हटलं, बोलून बघतो.

दोन दिवसांत गावातल्या पोरांनी सोसायटीच्या फाटकावरचे दिवे फोडले आणि रस्त्यात ट्रॅक्टर आडवा लावला. भल्लासाहेबांनी तातडीची सभा बोलावली. कुणी पोलीस म्हणालं, कुणी कुत्री पाळा म्हणालं. शेवटी भल्लासाहेबांना आठवण झाली की आपल्याकडे घरचाच तज्ज्ञ आहे. जगभर शांतता करून आलेला माणूस, हे काय चीज आहे, असं म्हणून त्यांनी मला नेमलं. गावाच्या बाजूनं बोलायला सातबीर पुढे झाला. ज्यानं विहीर विकली तोच आता विहिरीसाठी भांडत होता, पण आमच्या धंद्यात अशा गोष्टींचं नवल करत नाहीत.

मग माझ्या चहाच्या फेऱ्या सुरू झाल्या. भल्लासाहेबांकडे हाडासारख्या पांढऱ्या पातळ कपात चहा आणि त्याबरोबर सुरक्षेवर प्रवचन. सातबीरच्या ऑफिसात काचेचं टेबल, बिनवायरचा फोन, थंड पेय आणि अस्मितेवर प्रवचन. मी तोडगा काढला होता. पूजेच्या दिवशी बायकांना फाटकातून विहिरीपर्यंत वाट द्यायची, सोबत सोसायटीच्या दोन बायका चालतील, पूजा झाली की परत. भल्लासाहेब म्हणाले, आज बायका येतील, उद्या म्हशी येतील. सातबीर म्हणाला, आमच्याच विहिरीवर आम्ही पहाऱ्यात जायचं? सभेत भल्लासाहेबांनी मला गाववाल्यांचा एजंट म्हटलं. गावात सातबीरनं मला फौजियों का दलाल म्हटलं. मी घरी येऊन सुधाला सांगितलं, काम छान चाललंय.

आणि मग अचानक दोघंही गोड झाले. सातबीरनं घरी मिठाईचा डबा पाठवला आणि भर रस्त्यात माझ्या पायाला हात लावला. कर्नलसाहेबांसारखा माणूस या भागात नाही, असं म्हणाला. भल्लासाहेबांनी संध्याकाळी घरी बोलावलं आणि त्यांची ठेवणीतली बाटली उघडली. पाठीवर थाप मारली. ग्लास हातात होता. मला त्यातून बोकडाचा वास आला. मी विचारलं, सर, ठरलं काय?

भल्लासाहेब खुशीत होते. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. विहीर बुजवायची, त्या कोपऱ्यात भिंत मोडून बाहेरच्या बाजूला तोंड करून दुकानं बांधायची, अर्धी सोसायटीची, अर्धी सातबीरची. पोरांना सातबीर आवरणार. मलब्याचे ट्रक उद्या सकाळी येणार.

"सीधी बात है, यार," ते म्हणाले. "कुआँ ही नहीं रहेगा, तो झगड़ा किस बात का?"

मी ग्लास तसाच ठेवून उठलो. घानाच्या कर्नलनं सांगितलं होतं तसा. फक्त यावेळी वेळेत.

घरी येऊन सुधाला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिनं भिंतीवरच्या पदकाकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं.

"मग? आता अहवाल लिहिणार?" ती म्हणाली.

सुधा रागावली की आवाज चढवत नाही. तिचे वडील आयुष्यभर सरकारी अहवाल लिहून गेले, त्यामुळे त्या शब्दाला ती किती किंमत देते ते मला माहीत आहे. मी चप्पल घातली आणि गावात जाऊन भरपाईला निरोप दिला, उद्या सकाळी सुनेला घेऊन ये, मी विहिरीवर असेन. निरीक्षकानं असं करायचं नसतं. पण निरीक्षकानं हजर राहायचं असतं, आणि मी फक्त कुठे हजर राहणार ते सांगितलं होतं, असं मी वाटेत स्वतःला समजावलं.

सकाळी मी आमची पांढरी मारुती काढली. फाटकातून विहिरीकडे जायला भिंतीच्या कडेनं एकच अरुंद वाट होती. त्या वाटेत मी गाडी आडवी लावली आणि नियमाप्रमाणे दिवे चालू केले. घडीची खुर्ची उघडली, ट्रंकेतली निळी टोपी डोक्यावर चढवली आणि बसलो. टोपी आता घट्ट झाली होती. सुधानं थर्मास आणि पोह्यांचा डबा आणून दिला आणि स्वतः एक वेताचा मोडा ओढून शेजारी बसली. फेरीवर जाणाऱ्या आमच्या निवृत्त मंडळींनी दुरून बघितलं आणि म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असा निष्कर्ष काढला. खरं तर त्या दृश्यात मी तसाच दिसत असणार.

मलब्याचा पहिला ट्रक आला आणि गाडीपाशी थांबला. ड्रायव्हर उतरला. गाडी कधी काढणार, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, मी कुणाला अडवत नाही, नुसता बघतोय. त्यानं माझ्याकडे, गाडीकडे आणि जळणाऱ्या दिव्यांकडे बघितलं, आणि बिडी पेटवून बसला. त्याला काय, बसूनही दिवसाचा रोज पदरात पडणारच होता.

भल्लासाहेब धावायच्या कपड्यांतच आले. गाडी हटवा, हा हुकूम आहे, असं म्हणाले. मी उभा राहिलो, कारण सवय जात नाही, आणि म्हटलं, सर, आपण दोघंही निवृत्त आहोत, हुकूमही आपल्याबरोबरच निवृत्त झाला. मागोमाग सातबीर नव्या कोऱ्या परदेशी गाडीतून आला. दोघं प्रथमच खांद्याला खांदा लावून उभे राहिले. एकानं इंग्रजीत सुरुवात केली, दुसऱ्यानं हरयाणवीत. गद्दार, दलाल, फुकटचा शांतिदूत, आणि आणखीही काही, जे कुलकर्णीबाई छापणार नाहीत. मी कान देऊन ऐकलं. दोन्हीकडून अगदी सारखं वजन होतं. कित्येक वर्षांनी मला कामावर असल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात गाणं ऐकू आलं. बायका फाटकाशी आल्या होत्या. पुढे भरपाई, मागे पिवळ्या ओढणीतली कोवळी नातसून, तिच्या डोक्यावर रंगवलेला घडा. फाटकावरचा गार्ड जुना शिपाई होता. त्यानं ब्रिगेडियरकडे बघितलं, कर्नलकडे बघितलं, आणि फाटक उघडं टाकून पाणी प्यायला निघून गेला. फौज माणसाला खूप काही शिकवते.

बायका गाडीला वळसा घालून, भिंतीला घासून विहिरीशी पोचल्या. काठावर हळदीचं स्वस्तिक काढलं, गूळ ठेवला, दिवा लावला. मग भरपाईनं दोर सोडला. दोर जात राहिला, जात राहिला, संपला. तिनं दुसरा जोडला. बादली तळाला लागल्याचा आवाज आला तो कोरडा होता. वर आली तेव्हा तिच्यात थोडी वाळू आणि पिंपळाची पानं होती.

गाणं थांबलं. नातसून रिकामा घडा धरून उभी राहिली. विहिरीच्या शेजारीच आमच्या सोसायटीचं पंपघर होतं, आणि त्याच्या आत आमच्या बोअरवेलची मोटर त्या क्षणीही घुंघुं करत होती, सकाळच्या आंघोळीची वेळ होती ना. मी वाट राखायला आलो होतो. पाणी कधीच वाटेला लागलं होतं, आणि ते माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या नळाला येत होतं. सुबक तोडगा काढताना इतक्या चहांमध्ये विहिरीत डोकावून बघायचं मला एकदाही सुचलं नव्हतं.

सुधा उठली. पंपघराबाहेरच्या नळाखाली तिनं नातसुनेच्या हातातला घडा धरला, भरला आणि आणून दिला. भरपाईनं बोट बुडवून पाणी जिभेला लावलं.

"योए सै," ती म्हणाली. "म्हारा ए पाणी सै."

हेच आहे, आमचंच पाणी आहे. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तिनं नुसतं ओळखलं. मग घडा नातसुनेच्या डोक्यावर चढवला, माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला, जीता रह म्हणाली, आणि बायका गात गात परत गेल्या. त्या गुळाची चव मला लागली नाही.

भल्लासाहेबांनी ट्रकवाल्याला हाक मारली, झाली पूजा, आता गाडी काढायला लावतो, चल. ड्रायव्हर विहिरीच्या काठापर्यंत चालत गेला, स्वस्तिक आणि जळता दिवा बघितला, आणि परत येऊन ट्रकवर चढला. पूजा केलेल्या जागी मलबा टाकायला त्यानं साफ नकार दिला, घरी त्यालाही लेकरं आहेत म्हणाला, आणि ट्रक मागे घेतला. सातबीरनं नंतर आणखी दोन ट्रकवाल्यांना विचारलं. ही गोष्ट तोवर त्यांच्यात पसरली होती. जे काम माझ्या पद्धतीनं, टोपीनं आणि तज्ज्ञपणानं केलं नसतं ते चिमूटभर हळदीनं केलं. दुकानांचा बेत बारगळला. विहिरीवर लोखंडी जाळी बसली. मला सोसायटीच्या कमिटीतून काढलं आणि सातबीरनं रामराम बंद केला. धंद्याच्या हिशेबानं पूर्ण यश. एका परिसंवादात मी ही विहीर सांगायला घेतली, तर अध्यक्षांनी ती लंचनंतर ठेवली.

त्यालाही आता खूप वर्षं झाली. भरपाई गेली. गुडगावाचं नाव बदललं, मनोऱ्यांच्या मागे मनोरे उभे राहिले, आणि आमच्या बोअरवेलसुद्धा विहिरीसारख्याच आटल्या. आता सोसायटीला पाणी टँकरनं येतं. टँकर मोनूचे आहेत. मोनू म्हणजे तोच, ज्याच्यासाठी त्या सकाळी घडा भरला होता. जाडजूड, हसतमुख माणूस आहे, पाण्याच्या धंद्यात बरं चाललंय त्याचं. पाणी तो कुठून आणतो ते आम्ही विचारत नाही. आमच्याकडे येण्याआधी ते कुणाच्या तरी विहिरीत असणार, एवढं मला कळतं.

टँकर आत आला की मोनू आधी एक बादली भरतो आणि जाळीतून त्या कोरड्या विहिरीत ओततो. मग नळी आमच्या टाकीला लावतो. मरताना पणजीनं, भरपाईनं, त्याच्याकडून तसं कबूल करून घेतलं होतं. उन्हाळ्यात लोक बादल्या घेऊन रांगेत उभे असतात तेव्हाही यात बदल नाही. गेल्या महिन्यात कमिटीत याच्यावर चर्चा झाली, ही उधळपट्टी आहे, बंद करा. भल्लासाहेब आता काठी टेकत चालतात, अध्यक्ष दुसरे आहेत, पण भल्लासाहेबांनीच माझं नाव सुचवलं, म्हणाले, आपल्याकडे तज्ज्ञ आहे.

म्हणून मी मोनूशी बोललो. त्यानं ऐकून घेतलं.

"ताऊ, पहल्याँ कुएँ का," तो म्हणाला. "फेर थारा."

आधी विहिरीचं, मग तुमचं. मी कमिटीला तसंच कळवलं. कमिटी म्हणाली, मी त्याला सामील आहे. मोनू सुधाला म्हणाला, ताऊ सोसायटीची वकिली करायला आला होता, वाईट वाटलं. सगळं आपापल्या जागी आहे.

टँकर यायच्या वेळी मी खुर्ची घेऊन तिथं जाऊन बसतो. टोपी घालत नाही, आता ती डोक्यात शिरतच नाही. मोनू बादली उलटी करतो. पाणी तळाला पोचल्याचा आवाज यायला बराच वेळ लागतो. तो आला की मगच मोनू नळी उचलतो.